लाल पडद्यामागचे प्रश्न

मागच्या अंकात उत्तर देता देता ‘ट्विन पीक्स’चं नुसतं नाव घेतलं आणि ह्या वेळी निम्मी पत्रं त्यावरच आलीत, म्हणून आजचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय, त्वचेच्या आणि भाडेकरारांच्या प्रश्नांना पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा लागेल. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट ह्या दोघांनी केलेली अमेरिकन सिरीज, एप्रिल १९९०मध्ये सुरू झाली. जंगलाला लागून असलेलं छोटं गाव, लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचं प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सापडतं, एफबीआयचा एजंट कूपर तपासाला येतो आणि तपास हळूहळू ह्या जगाच्या बाहेरच सरकतो, ब्लॅक लॉज आणि व्हाइट लॉज नावाच्या दोन गूढ जागांकडे. दोन सीझन, मग १९९२चा एक सिनेमा, मग थेट २०१७मध्ये अठरा भाग. खाली सगळं फोडलंय, खुनी कोण तेसुद्धा. ज्यांना बघायचीय त्यांनी फक्त शेवटचा प्रश्न वाचा आणि पान उलटा.

ताई, लाल पडदे आणि झिगझॅग फरशीची ती खोली म्हणजेच ब्लॅक लॉज ना? माझा रूममेट म्हणतो वेगळी. पावभाजीची पैज लागलीय. (बोरिवली)

रूममेटला पावभाजी द्या. १९९१च्या शेवटच्या भागात तो लाल सुटातला बुटका माणूस स्वतःच्या तोंडाने कूपरला सांगतो की ही वेटिंग रूम आहे. म्हणजे दादरला वेस्टर्न आणि सेंट्रलच्या मधल्या पुलावर उभं असल्यासारखं, तुम्ही अजून कुठल्याच लाइनवर नाही, खाली उतराल तिकडचे होणार. गोंधळ होतो कारण त्याच खोलीत पांढऱ्या डोळ्यांचा दुसराच कूपर खऱ्या कूपरच्या मागे धावतो, कॉफी कपात गोठते, मग परत पातळ होते, मग तेलासारखी घट्ट, आणि एवढं सगळं वाईट घडतंय म्हटल्यावर माणूस म्हणणारच की हाच ब्लॅक लॉज.

पण गंमत वेगळीच आहे, जी थिअरीवाले फारशी सांगत नाहीत. ही खोली आधी आली आणि तिची पुराणकथा मागाहून. युरोपात पायलट भाग स्वतंत्र सिनेमा म्हणून विकायचा होता, त्याला काहीतरी शेवट हवा होता, आणि लिंचने सांगितलंय की उन्हात तापलेल्या गाडीच्या टपावर हात टेकले आणि ती खोली डोक्यात आली. तेच शूटिंग मग १९ एप्रिल १९९०च्या भागात कूपरचं स्वप्न म्हणून वापरलं. नट वाक्यं उलटी बोलले, मग टेप उलटी फिरवली, म्हणून ते बोलणं तसं कानाला खुपतं. लॉज हा शब्द तोपर्यंत सिरीजमध्ये कुठेच नव्हता, तो दुसऱ्या सीझनमध्ये आला. तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळं आखलेलं होतं, प्रत्येक पडद्याच्या चुणीला अर्थ आहे, असं कुणी छातीठोक सांगायला लागला की मी मान डोलावते आणि चहा टाकायला उठते.

व्हाइट लॉज आणि ब्लॅक लॉज ह्या खरंच तिथल्या आदिवासींच्या दंतकथा आहेत का? हॉक तर तसंच सांगतो. (गिरगाव)

गिरगावातून हा प्रश्न यावा ह्याचाच मला आनंद झालाय, कारण उत्तराचा एक तुकडा तुमच्याच गल्लीबोळांत आहे.

हॉक हा सिरीजमधला मूळनिवासी डेप्युटी, तो कूपरला सांगतो की माझ्या लोकांत व्हाइट लॉज नावाची जागा मानतात, आणि तिची सावली म्हणजे ब्लॅक लॉज. पूर्णत्वाकडे जाणाऱ्या प्रत्येक आत्म्याला तिथून जावं लागतं, तिथे तुमचीच सावली तुम्हाला भेटते, तिचं नाव ‘उंबरठ्यावरचा रहिवासी’, आणि धैर्य कच्चं असेल तर आत्म्याचा पार नाश. ऐकायला भारी वाटतं. पण तो उंबरठ्यावरचा रहिवासी लंडनहून आलाय, एडवर्ड बुल्वर-लिटन नावाच्या इंग्रज लेखकाच्या १८४२च्या कादंबरीतून. तिथून त्याला उचललं थिऑसॉफी नावाच्या गूढवादी चळवळीवाल्यांनी, आणि पांढरा लॉज, काळा लॉज ही भाषाही त्याच गोतावळ्यातली. फ्रॉस्टला ह्या सगळ्या गूढविद्येच्या वाचनाचा नाद होता, तो ते लपवतही नाही. लिंच स्वप्नं आणायचा, फ्रॉस्ट ग्रंथ आणायचा, साधारण अशी वाटणी.

आता गिरगाव. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ला न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट फेब्रुवारी १८७९मध्ये बोटीने मुंबईला उतरले ते पहिले राहिले गिरगावात. ऑल्कटने आठवणींत लिहून ठेवलंय की ज्या यजमानाने एवढं प्रेमाने बोलावलं त्याने नंतर भाडं, जेवणखाण, घराची डागडुजी, स्वागत समारंभाच्या खुर्च्या, इतकंच काय ‘लवकर या’ म्हणून केलेल्या तारेचा खर्चसुद्धा लावून बिल हातात ठेवलं. मुंबई तेव्हाही मुंबईच होती. मग ती मंडळी ब्रीच कँडीला ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या बंगल्यात गेली, त्यांचं ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक ऑक्टोबर १८७९ला मुंबईतूनच निघालं, आणि १८८२ संपता संपता बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हललं.

सिरीजमधला व्हिलन विंडम अर्ल एका जुन्या व्हिडिओत ‘डुगपा’ नावाच्या दुष्ट मांत्रिकांबद्दल बोलतो, वाईटासाठीच वाईट करणारे. हा शब्दही ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या लिखाणात सापडतो. प्रत्यक्षात द्रुक्पा हा भूतानमधला मुख्य बौद्ध संप्रदाय आहे, साधे देवाधर्माचे लोक, त्यांना बाईंनी काळ्या जादूवाले करून टाकलं आणि शंभर वर्षांनी ते अमेरिकन टीव्हीवर तसेच पोचले. म्हणून हॉकच्या तोंडी घातलेली ही ‘आदिवासी दंतकथा’ मला जरा खटकतेच, तिकडच्या खऱ्या लोकांच्या खऱ्या कथा असताना ब्रिटिश कादंबरी त्यांच्या नावावर खपवायची म्हणजे अतीच.

सासरे पंचांगवाले आहेत. गुरू-शनी युतीला लॉजचं दार उघडतं हे ऐकून ते पहिल्यांदाच माझ्याबरोबर टीव्हीसमोर बसले. युतीचा हिशोब बरोबर आहे का? (मुलुंड)

सासऱ्यांना नमस्कार सांगा, आणि हे सांगून त्यांचा हिरमोड करा की हिशोब जुळत नाही. सिरीजमधली गोष्ट घडते फेब्रुवारी-मार्च १९८९मध्ये. गुरू आणि शनी एकमेकांना साधारण वीस वर्षांनी गाठतात, आधीची युती १९८१ची, नंतरची मे २०००ची, १९८९च्या वसंतात दोघं आकाशात भलत्याच ठिकाणी होते. आपण सगळ्यांनी बघितली ती २१ डिसेंबर २०२०ची, संध्याकाळी पश्चिमेला, दोघं इतके चिकटलेले की नुसत्या डोळ्यांना एकच वाटावेत.

पण नीट बघा, सिरीजमध्ये युतीने फक्त वेळ कळते, किल्ली वेगळी आहे. बारा सिकॅमोर झाडांचं रिंगण, मध्ये जळक्या इंजिन ऑइलचा वास मारणारं डबकं, हे सगळं असूनही दार उघडतं ते भीतीने. भीतीने ब्लॅक लॉज, प्रेमाने व्हाइट. मुहूर्त सगळ्यांना सारखाच मिळतो, आत जाणारा काय घेऊन जातो त्यावर पुढचं.

मग व्हाइट लॉज दाखवलाय कुठे? २०१७च्या भागांत तो जांभळा समुद्र आणि वरचा किल्ला, तोच ना? (अंधेरी)

बहुतेक फॅन तसंच मानतात आणि मीही मानते, जरी सिरीजमध्ये कुणी पाटी लावलेली नाही. तिथे तो उंच म्हातारा राहतो, ज्याला आधी आपण जायंट म्हणायचो आणि चौदाव्या भागात तो स्वतःचं नाव फायरमन सांगतो. आठव्या भागात तोच पडद्यावर अणुस्फोट बघतो, १६ जुलै १९४५, पहाटे ५ वाजून २९ मिनिटं, न्यू मेक्सिकोतला पहिला बॉम्ब, आणि त्या धुरातून बॉब नावाचं पिशाच्च बाहेर पडताना बघून उत्तर म्हणून लॉराचा चेहरा असलेला सोनेरी गोळा पृथ्वीकडे पाठवतो. बराचसा काळापांढरा, जवळपास संवाद नसलेला तो भाग, मला वाटतं टीव्हीवर एवढं धाडस कमी जणांनी केलं असेल. सगळे ‘बॉम्बने दार फोडलं’ ही थिअरी मांडतात, ती पटण्यासारखी आहे, एफबीआयच्या गॉर्डन कोलच्या ऑफिसात खुर्चीमागे त्याच स्फोटासारख्या ढगाचा भिंतभर फोटो लावलाय तो उगाच नाही.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. त्या किल्ल्यात बोलावणं कुणाला येतं? अँडीला. पहिल्या भागात लॉराचं प्रेत बघून रडणारा, ज्याला सगळे येडपट समजतात तो कॉन्स्टेबल. जंगलातून चौघं जातात आणि तो एकटा वर जातो, सगळं बघून येतो, आणि खाली आल्यावर न गोंधळता काय करायचं ते सांगतो. आणि कूपर, एवढा हुशार, तिबेटपासून स्वप्नांपर्यंत सगळ्याचा अभ्यास केलेला, तो १९९१च्या शेवटच्या भागात आत जाऊन पंचवीस वर्षं अडकला. त्या दोन जागा नकाशावर शोधणाऱ्या थिअरींना ह्याचं उत्तर देता येत नाही.

बॉब जर दुसऱ्या जगातलं पिशाच्च असेल तर लॉराच्या बापाचा दोष किती? ग्रुपवर एकाने लिहिलं, “बिचारा, त्याच्या अंगात आलेलं.” मी ग्रुप सोडला. (परळ)

बरं केलंत.

आधी बॉब आला कुठून ते सांगते, कारण त्याचाही शोध कुणी पोथीत लावू नये. फ्रँक सिल्व्हा हा सेटवरचं सामान लावणारा माणूस, पायलटच्या शूटिंगला लॉराच्या खोलीत फर्निचर हलवत होता, लिंचने त्याला पलंगाच्या पायथ्याशी दडून बघायला लावलं, का ते त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. मग त्याच दिवशी दुसऱ्या सीनमध्ये लॉराच्या आईच्या मागच्या आरशात चुकून सिल्व्हाचं प्रतिबिंब आलं, कॅमेरामनने रीटेक मागितला आणि लिंच म्हणाला नको, हेच हवंय. असा बॉब जन्मला. 

आता तुमचा खरा प्रश्न. नोव्हेंबर १९९०मध्ये कळतं की खुनी लॉराचा बाप लीलंड, आरशात बघतो तर बॉब. दोन भागांनंतर मरताना तो सांगतो की मी लहान होतो, तो म्हणाला खेळायचंय, आणि मी त्याला आत बोलावलं. त्यानंतर पुरुषमंडळी जंगलात उभी राहून बोलतात, शेरीफला भूतबित पटत नाही, तर कूपर विचारतो की बापाने पोटच्या पोरीवर अत्याचार करून तिला मारलं हे मानणं जास्त सोपं आहे का? आणि एफबीआयचाच अल्बर्ट, सगळ्यात कडू जिभेचा, तो म्हणतो की कदाचित बॉब म्हणजे एवढंच असेल, माणसं करतात ते वाईट.

मला अल्बर्टचं पटतं. आपल्याकडे तर अंगात येणं घराघरांत माहीत आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षक ही पळवाट फार पटकन पकडतो. दारू पिऊन मारलं तर दारूने मारलं, देवीने बोलायला लावलं, करणी केली, कुणीतरी बाहेरचं असलं की घरातल्याचं नाव घ्यावं लागत नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अंगात शक्ती संचारल्याचा देखावा करून लोकांना घाबरवणं गुन्ह्यात धरलंय, पण घरातला माणूस स्वतःच्याच कृत्याला ‘तो मी नव्हतोच’ म्हणतो त्याला कुठलं कलम लावणार? १९९२च्या सिनेमात जेवणाच्या टेबलावर लीलंड लॉराची नखं तपासतो, हात धुतले नाहीस म्हणतो, तिचं बोट धरून ठेवतो आणि आई मध्ये पडून ओरडते. त्या सीनमध्ये बॉब दिसत नाही. लाल पडदे नाहीत, उलटं बोलणं नाही, दिवे चमकत नाहीत. नुसता बाप आहे. तिन्ही सीझन आणि सिनेमा मिळून मला सगळ्यात जास्त घाबरवणारा सीन तोच, आणि तो डायनिंग टेबलवर घडतो.

म्हणून माझी चाळणी सरळ आहे. थिअरी कितीही हुशार असो, तिच्या शेवटी लॉराला जे झालं ते पुसलं जात असेल, किंवा कुणीतरी बिचारा ठरत असेल, तर ती थिअरी माझ्या घरात नको.

“आपण त्या स्वप्न बघणाऱ्यासारखे आहोत जो स्वप्न बघतो आणि मग त्याच स्वप्नात राहतो.” हे उपनिषद आहे ना? आणि मग स्वप्न बघतंय कोण? (विलेपार्ले)

चौदाव्या भागात गॉर्डन कोलला स्वप्नात मोनिका बेलुची भेटते, पॅरिसच्या कॅफेत, आणि प्राचीन वचन म्हणून हे ऐकवते. कोलची भूमिका लिंचनेच केलीय. तो १९७३पासून महर्षी महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान करायचा, आणि ही ओळ, जिच्या पूर्ण रूपात स्वप्नाआधी स्वतःचं जाळं विणणारा कोळीही येतो, उपनिषदातली म्हणून आधीपासून लोकांसमोर म्हणायचा. शब्दशः असा श्लोक शोधू नका, पण बृहदारण्यक काढा. दुसऱ्या अध्यायात झोपेबद्दल बोलताना कोळी आणि त्याचा तंतू येतो. आणि चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला जे सांगतो ते तर ह्या सिरीजवाल्यांनी भिंतीवर लावावं: पुरुषाला दोनच स्थानं, हा लोक आणि परलोक, आणि दोघांच्या सांध्यावर तिसरं, स्वप्नस्थान. ‘सन्ध्यं तृतीयं स्वप्नस्थानम्’. तिथे उभा राहून तो दोन्हीकडचं बघतो. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, तो ते सगळं निर्माण करतो. बोरिवलीच्या पैजवाल्यांनी हे वाचावं, वेटिंग रूमचं एवढं जुनं वर्णन दुसरीकडे मिळणार नाही.

कोण बघतंय स्वप्न, तर उमेदवार भरपूर. कूपर, लॉरा, गावातली ऑड्री, शेवटच्या भागात कूपर ज्या नावाचा होऊन उठतो तो रिचर्ड, काही जण तर म्हणतात आपण प्रेक्षकच. पण ‘सगळं स्वप्नच होतं’ म्हटलं की वरची माझी चाळणी लागते, मग लॉरा मेलीच नाही आणि कुणी काही केलंच नाही. याज्ञवल्क्यसुद्धा स्वप्नाला खोटं म्हणून झटकत नाही, त्याला एक स्थान देतो.

सतरावा आणि अठरावा भाग दोन स्क्रीनवर एकत्र लावले की कोडं सुटतं म्हणे? (कांदिवली)

दोन्ही एकाच रात्री दाखवले होते, ३ सप्टेंबर २०१७ला, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं. काही ठिकाणी जुळतं खरं. पण तासाभराचे कुठलेही दोन भाग शेजारी लावा, चार ठिकाणी जुळतंच.

शेवटी कूपर ४३० मैल जाऊन पोचतो ते ओडेसा म्हणजे आपलं खरं जग का? (दादर)

ह्या थिअरीवर माझा जीव आहे. कूपर भूतकाळात जाऊन लॉराला मरणातून ओढून नेतो, मग त्याची सेक्रेटरी डायन हिला घेऊन ४३० मैलांवर ‘ओलांडतो’, सकाळी एकटा उठतो, टेक्सासमधल्या ओडेसाला लॉरासारखीच दिसणारी कॅरी पेज सापडते, तिला रात्रभर गाडीने ट्विन पीक्सला लॉराच्या घरी आणतो, दार वाजवतो, आणि दार उघडणाऱ्या बाईला पामर कुटुंब माहीतच नाही. ती बाई तेव्हा त्या घराची खरीखुरी मालकीण होती, नटी नाही. म्हणून लोक म्हणतात की कूपर कथेतून बाहेर, आपल्याकडे येऊन पडला.

पण मग ती सांगते की तिचं आडनाव ट्रेमंड आणि घर चॅल्फंटबाईंकडून घेतलं, आणि ही दोन्ही नावं लॉजशी संबंध असलेल्या त्या जुन्या म्हातारीची. म्हणजे खरं जग असेल तर तिथेही ते लोक आधीच भाड्याने राहून गेलेत. मग कूपर विचारतो हे साल कुठलं, आणि वरून लॉराच्या आईचा आवाज येतो, आणि कॅरी किंचाळते. कूपरने तिला सगळ्यातून वाचवलं, जगसुद्धा बदललं, तरी त्या दारासमोर तिला आठवलंच. तारणहाराचा तोरा मिरवत फिरणाऱ्या आमच्या कूपरचं तोंड तेव्हा बघा, पहिल्यांदाच त्याच्याकडे काही उत्तर नसतं.

सगळी सिरीज उलगडून सांगणारा साडेचार तासांचा तो यूट्यूब व्हिडिओ बघावा का? (भांडुप)

बघा, पण सिरीज संपल्यावर. त्याचं म्हणणं असं की लॉज वगैरे सगळं टीव्हीबद्दलच आहे, आणि गार्मनबोझिया, लॉजवाले खातात ते क्रीममधल्या मक्यासारखं दिसणारं माणसांचं दुःख, म्हणजे आपण प्रेक्षक रोज खातो ती हिंसा. एकेक पुरावा झकास आहे. सगळंच त्यात बसवायचा हट्ट तिसऱ्या तासाला डोक्यात जातो.

मी काहीच बघितलेलं नाही. कुठून सुरू करू? एकच टीव्ही आहे आणि रात्री सासूबाईंची सिरियल असते. (घाटकोपर)

पायलटपासून, आणि सरळ क्रमाने. पहिला सीझन छोटा आहे. दुसऱ्या सीझनमध्ये चॅनलच्या दबावाखाली खुनी लवकर सांगून टाकला आणि मग गाडी बरेच आठवडे घसरली, तिथे भाज्या निवडत बघितलं तरी चालेल, शेवटचे दोन-तीन भाग मात्र हातातलं सगळं बाजूला ठेवून. मग सिनेमा, मग २०१७. सिनेमा आधी बघितलात तर खुनी पण कळेल आणि काही समजणारही नाही.

सासूबाईंना बसवाच बरोबर. त्या गावातली माणसंसुद्धा टीव्हीवर एक रडकी सिरियल बघत असतात, प्रेमाची भांडणं, जुळ्या बहिणी वगैरे, त्यांना लगेच ओळखीचं वाटेल. पायलटमध्ये लॉराच्या आईला फोनवर बातमी कळते तिथे त्या उठून जाणार नाहीत, मी सांगते. सिनेमा तेवढा एकटीने बघा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असं बघून.